अ‍ॅसिडने धुतलेला पेंढा जाळला तरी भट्टीत खडे का होतात? दोष शोधायचा क्रम

तक्रार बहुतेक वेळा अशी येते. राख वितळून भट्टीत खडे होऊ नयेत म्हणून भाताचा पेंढा किंवा गव्हाचं काड कापून अर्धा टक्का सल्फ्युरिक आम्लात भिजवलं, निथळलं, वाळवलं आणि जाळलं. पहिल्या दोन-तीन खेपा छान गेल्या. राख मोकळी पडली, जाळी स्वच्छ राहिली. मग हळूहळू जाळीवर पुन्हा काचेसारखे खडे, बॉयलरच्या नळ्यांवर पुन्हा तोच पांढुरका चिकट थर. आम्ल अर्ध्या टक्क्यावरून एक केलं, मग दोन. दोन दिवस बरं वाटलं आणि परत पहिले पाढे पंचावन्न.

हा प्रश्न मी स्वतः भोगलेला आहे. रात्री भट्टी थंड करून सळईने खडे फोडत बसलो होतो. एक खडा मधोमध फुटला आणि आतला भाग दिसला: हिरवट-करडी काच, तिच्यात बुडबुडे, आणि काचेत अडकलेले काळे, न जळलेले काडीचे तुकडे. राख वितळली होती आणि जळण्याआधीच काडीला तिने गुंडाळून टाकलं होतं. पेंढा नीट धुतलेला आहे अशी माझी पक्की समजूत होती. धुतलेला होताच, पण धुऊन निघालेलं सगळं मी परत त्याच पेंढ्यात वाळवत होतो.

म्हणून पहिली विनंती: आम्ल वाढवू नका. बहुतेक ठिकाणी आम्लाची ताकद पुरेशी असते, किंबहुना जास्तच असते. चूक असते ती भिजवल्यानंतर पेंढ्यात शिल्लक राहणाऱ्या पाण्यात.

नेमकं काढायचं काय आहे

शुद्ध सिलिका १७०० अंश सेल्सिअसच्या वर वितळते. पेंढ्याच्या राखेत सिलिका भरपूर असते, भाताच्या पेंढ्यात तर राखेचा सुमारे तीन चतुर्थांश भाग तोच. ती एकटी असेल तर भट्टीत तिला काही होत नाही. पण तिच्याजवळ पोटॅशियम आलं की दोघांचं मिश्रण साडेसातशे अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतं. जाळीवरचा थर त्याहून सहज गरम असतो. नळ्यांवरचा चिकट थर मुख्यतः पोटॅशियम क्लोराइडचा. ते ज्वाळेत वाफ होऊन उडतं आणि थंड नळीवर जाऊन बसतं. पोटॅशियम क्लोराइड ७७० अंशांच्या सुमारास वितळतं, सल्फेटबरोबर मिसळलं तर ६९० च्या जवळपास, आणि लोखंडाच्या क्लोराइडबरोबर तर साडेतीनशेच्या थोडं वर. नळ्या आतून गंजतात त्याहून बाहेरून लवकर पोखरल्या जातात त्याचं कारण हेच.

म्हणजे काढायचं आहे पोटॅशियम आणि क्लोरीन. ही दोन्ही पेंढ्यात बहुतांशी विरघळणाऱ्या क्षारांच्या रूपात असतात आणि नुसत्या पाण्यानेही निघतात. १९९६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या जेन्किन्स, बॅकर आणि वेई यांनी भात आणि गव्हाचा पेंढा साध्या पाण्याने धुऊन हे दाखवून दिलं. पोटॅशियम आणि क्लोरीनचा मोठा हिस्सा गेला आणि राख वितळण्याचं तापमान वर चढलं. डेन्मार्कमध्ये पेंढ्यावर चालणाऱ्या वीजकेंद्रांना पावसात भिजून करडा पडलेला पेंढा ताज्या पिवळ्या पेंढ्यापेक्षा बरा वाटतो, तो याच कारणाने. तिथे पावसानेच धुण्याचं काम केलेलं असतं.

मग आम्ल कशाला? कॅल्शियम, मॅग्नेशियम, थोडं लोह आणि काही फॉस्फरस पेंढ्याच्या पेशीभित्तीला बांधलेलं असतं. पाण्याने ते सुटत नाही, आम्लाने सुटतं. पाण्याला दाद न देणारं थोडंसं पोटॅशियमही आम्ल बाहेर काढतं. सिलिका मात्र नेहमीच्या कुठल्याही आम्लाने निघत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागेल.

आता हिशेब करू

एक किलो कोरडा पेंढा घ्या. त्यात दीड टक्का, म्हणजे १५ ग्रॅम पोटॅशियम आहे असं धरू. दहा लिटर द्रावणात भिजवला आणि सगळं पोटॅशियम सुटलं असंही मानू. द्रावणात आता लिटरमागे दीड ग्रॅम पोटॅशियम आहे. पेंढा वर काढून निथळत ठेवला. निथळणं थांबलं तरी किलोभर पेंढ्यात तीन ते पाच लिटर द्रावण अडकून राहतं. काडीच्या पोकळीत, भुशाच्या फटीत, तंतूंच्या आत. चार लिटर धरा. म्हणजे सहा ग्रॅम पोटॅशियम पेंढ्यातच राहिलं. तो पेंढा वाळवला की पाणी उडून जातं आणि सहा ग्रॅम तिथल्या तिथे उरतं. शंभरातलं चाळीस परत आलं.

हे चाळीस टक्के चालतील का, हे ठरवायला एक जुना अडाखा आहे. अमेरिकेत १९९० च्या दशकात टॉमस माइल्स आणि सहकाऱ्यांनी जैवइंधनावरच्या बॉयलरांचा अभ्यास केला, त्यातून हा आकडा रूढ झाला. इंधनाच्या प्रत्येक गिगाज्यूल उष्णतेमागे पोटॅशियम आणि सोडियमची ऑक्साइडं ०.१७ किलोच्या वर गेली की थर बसण्याची शक्यता, ०.३४ च्या वर गेली की थर बसणार हे नक्की. आपल्या न धुतलेल्या पेंढ्यात १५ ग्रॅम पोटॅशियम म्हणजे १८ ग्रॅम पोटॅशियम ऑक्साइड. किलोला साडेसतरा मेगाज्यूल उष्णता धरली तर आकडा येतो १.०३. भिजवून नुसता निथळलेला पेंढा: ०.४१. म्हणजे एवढा खटाटोप करूनही आपण 'नक्की' च्याच रांगेत उभे.

तोच पेंढा निथळल्यावर दहा लिटर स्वच्छ पाण्यात एकदा विसळून पुन्हा निथळला तर पोटॅशियम साधारण ११ टक्के उरतं आणि आकडा ०.१२ वर येतो. दुसऱ्यांदा विसळला तर ३ टक्के. आता दुसरी वाट पाहा. विसळायचं नाही, पण भिजवल्यावर पेंढा स्क्रू प्रेसमधून इतका पिळायचा की किलोमागे चार लिटरऐवजी एकच लिटर राहील. पोटॅशियम उरतं १० टक्के, आकडा ०.१०. एकदा पिळून, एकदा विसळून, पुन्हा पिळला तर एक टक्काही उरत नाही.

प्रत्यक्षात सगळं पोटॅशियम सुटत नाही, त्यामुळे तुमचे आकडे थोडे वर राहतील. पण एक चांगली पिळणी एका अख्ख्या विसळण्याइतकं काम करते, यात फरक पडत नाही. आणि वाळवताना ती पुन्हा उपयोगी पडते. किलोभर पाण्याची वाफ करायला अडीच ते तीन मेगाज्यूल लागतात. चार लिटर पाणी घेऊन ड्रायरमध्ये गेलेला पेंढा स्वतःच्या उष्णतेचा निम्म्याहून अधिक भाग स्वतःला वाळवण्यातच घालवतो. एक लिटर पाणी असेल तर सहावा-सातवा हिस्सा जातो. ज्याच्याकडे पिळायची सोय नाही त्याने धुण्याचा विचारच करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. उन्हात वाळवत असाल तरी पोटॅशियमचा हिशेब बदलत नाही.

पहिल्या खेपा चांगल्या, नंतरच्या वाईट

ही खूण दिसली तर टाकीकडे बघा. आम्ल वाया जाऊ नये म्हणून बरेच जण तेच द्रावण पुन्हा वापरतात. पेंढ्याबरोबर चार लिटर गेलं, तेवढं ताजं आम्ल वरून घातलं, की पुढची खेप. वरच्या उदाहरणात दुसऱ्या खेपेला ४० टक्क्यांऐवजी ६४ टक्के पोटॅशियम परत जातं, तिसऱ्या खेपेला ७८ टक्के. असंच चालू ठेवलं तर काही खेपांनंतर जेवढं पोटॅशियम टाकीत येतं तेवढंच पेंढ्याबरोबर बाहेर जातं. टाकीतून दुसरं काही बाहेर जातच नाही, त्यामुळे ते जाणार तरी कुठे? अशा टाकीत आम्ल कितीही ओता, भट्टीच्या दृष्टीने तो न धुतलेलाच पेंढा आहे.

द्रावण वाचवायचंच असेल तर उलट्या प्रवाहाने वाचवा. दोन टाक्या ठेवा. पेंढा पहिल्या टाकीतून दुसरीत जातो, पाणी दुसरीतून पहिलीत येतं. ताजं पाणी कायम दुसऱ्या टाकीत पडतं आणि पहिल्या टाकीतलं घट्ट धुवण बाहेर काढलं जातं. दोन टाक्यांच्या मध्ये एकदा आणि शेवटी एकदा पिळा. एवढ्यावर बहुतेक तक्रारी मिटतात. पुढचं वाचायची गरज त्यांनाच, ज्यांच्या तक्रारी यानंतरही उरतात.

आतपर्यंत भिजतंय का?

भिजवलेल्या पेंढ्यातून एक लांब काडी उचला आणि नखाने उभी चिरा. आतली बाजू ओली, चमकती दिसायला हवी. पेराजवळ पांढरी, कोरडी, कापसासारखी दिसली तर द्रावण तिथे पोचलेलंच नाही. काडीच्या बाहेरून मेणचट थर असतो आणि आत हवा कोंडलेली असते. वर तरंगणाऱ्या थरात तर दोन तासांनीही अशा काड्या सापडतात. चिरलेल्या काडीच्या आतल्या बाजूला सामू (pH) बघायची पट्टी दाबून धरा. रंग टाकीतल्या द्रावणासारखा आला नाही तर वेळ वाढवून फारसा उपयोग नाही. काप एक-दोन सेंटिमीटरचा करा, वर जाळी ठेवून पेंढा बुडवून धरा आणि मधून मधून हलवा. कापताना काडी उभी चिरली गेली तर अधिकच चांगलं. पीठ मात्र करू नका. पीठ लवकर भिजतं पण पिळताना चाळणीतून निसटतं, उरलेलं पाणी धरून बसतं, आणि आपण पुन्हा चार लिटरवर येतो.

गरम पाण्याने काम लवकर होतं. चाळीस-पन्नास अंश पुरे. इथे एक सावधगिरी. इथेनॉलसाठी पेंढ्यावर जी आम्लप्रक्रिया करतात ती १२० ते २०० अंशांना, दाबाखाली होते. तिचा हेतूच हेमिसेल्युलोज (पेशीभित्तीतला साखरेच्या साखळ्यांचा भाग) फोडून साखर पाण्यात उतरवणं हा आहे. ती कृती वाचून कुणी पेंढा आम्लात उकळत असेल तर तो जळणाचा पाव हिस्सा धुवणाबरोबर ओतून देत असतो. आपल्याला क्षार काढायचे आहेत, साखर नाही.

कोणतं आम्ल, आणि ते मागे काय ठेवतं

वाळल्यावर पेंढा तपकिरी-काळा पडतो, हाताने चोळला तर कोळशासारखा चुरा होतो आणि बोटं चुरचुरतात? हे सल्फ्युरिक आम्ल राहून गेल्याचं लक्षण. हे आम्ल ३३० अंशांच्या वर उकळतं, म्हणजे ड्रायरमध्ये ते उडत नाही. पाणी उडतं आणि अर्धा टक्का आम्लाचं तंतूवरच तीव्र आम्ल होतं. निथळलेल्या पेंढ्यातल्या चार लिटरमध्ये २० ग्रॅमपर्यंत आम्ल असू शकतं, म्हणजे किलोमागे साडेसहा ग्रॅम गंधक. पेंढ्यात मुळात असतं त्याच्या कितीतरी पट. ते धुरात सल्फर डायऑक्साइड होऊन जातं आणि त्यातलं थोडं ट्रायऑक्साइड धूर थंड होताना एअर प्रीहीटरच्या (धुराच्या उष्णतेने भट्टीची हवा तापवणाऱ्या भागाच्या) पत्र्यावर आम्ल होऊन ठिबकतं. थंड टोकाचे पत्रे अचानक सडायला लागले असतील तर बॉयलरला दोष देण्याआधी पेंढ्याचा सामू बघा. शिवाय सल्फ्युरिक आम्ल सुटलेल्या कॅल्शियमचं जिप्सम करतं. जिप्सम पाण्यात लिटरला दोनेक ग्रॅमच विरघळतं, त्यामुळे घट्ट द्रावणात ते पेंढ्यावरच बसतं.

हायड्रोक्लोरिक आम्ल कॅल्शियमचं असं करत नाही, म्हणून प्रयोगशाळेत ते आवडतं. भट्टीसाठी मला ते मुळीच मान्य नाही. अर्धा टक्का द्रावण चार लिटर राहिलं तर किलोमागे १९ ग्रॅम क्लोरीन आत घातलं. मूळ पेंढ्यात ते दोन ते दहा ग्रॅम होतं. थोडं ड्रायरमध्ये वाफ होऊन जाईल, पण जाताना ड्रायर खाईल. साध्या ३०४ स्टेनलेस स्टीललाही क्लोराइडने खड्डे पडतात. नायट्रिक आम्लाबद्दल एवढंच: नको. नायट्रेट राहिलेला कोरडा पेंढा ठिणगीने भडकतो आणि धुरात नायट्रोजनची ऑक्साइडं वाढतात.

अ‍ॅसेटिक आम्ल ११८ अंशांना उकळतं, पाण्याबरोबर बरंचसं निघून जातं, आणि राहिलं तरी जळून जातं, राख ठेवत नाही. सायट्रिकही तसंच जळून जातं, वर कॅल्शियमला धरून ठेवतं. ज्यांच्याकडे कोळशाची भट्टी आहे त्यांना धूर थंड करून मिळणारं आंबट पाणी फुकट पडतं. त्यात अ‍ॅसेटिक आम्लच असतं आणि ते या कामाला चालतं. ड्रायरची वाफ मात्र उघड्यावर, माणसांच्या नाकाजवळ सोडू नका.

ताकदीबद्दल. बाटलीवरचा टक्का बघू नका, भिजवून झाल्यावरचा सामू बघा. अर्धा टक्का सल्फ्युरिक आम्लाचा सामू सुरुवातीला १.२ च्या जवळपास असतो, एक टक्का अ‍ॅसेटिकचा २.८. पेंढा आणि त्याला चिकटलेली माती आम्ल पीत जातात. तासाभराने सामू तीनच्या खाली असेल तर बांधलेलं कॅल्शियम सुटलंय असं समजा. चारच्या वर गेला असेल तर आम्ल नुसतं खर्ची पडलं. पेंढा टाकताच फेस येऊन बुडबुडे फुटत असतील तर ती चुनखडीची माती आहे. अशा पेंढ्याला आधी साध्या पाण्यात विसळून माती खाली बसू द्या, मगच आम्लाकडे न्या.

सुरक्षेची गोष्ट सगळ्यांना माहीत असते तरी लिहितो, कारण डोळा एकदा गेला की परत येत नाही. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीही नाही. चष्मा आणि हातमोजे पातळ आम्लालाही घालायचे. टाक्या प्लास्टिकच्या किंवा एफआरपीच्या (फायबरग्लासच्या) घ्या. साध्या लोखंडी टाकीतून निघणारं लोह पेंढ्यातच बसतं.

मोजायचं कसं

प्रयोगशाळेत दर खेपेला पोटॅशियम तपासणं कुणालाच परवडत नाही. वाहकता मोजणारा छोटा मीटर पुरतो, पण तो कधी फसवतो ते आधी समजून घ्या. आम्लातला हायड्रोजन आयन पोटॅशियमपेक्षा जवळजवळ पाचपट वीज वाहतो. आम्लाच्या टाकीत मीटर बुडवला तर तो आम्लच मोजतो. वाचन पोटॅशियमचं समजून लोक अख्खी टाकी ओतून देतात, किंवा उलट निर्धास्त राहतात. शेवटच्या विसळण्याच्या पाण्यातच मीटर बुडवा, आणि त्या पाण्याचा सामू साडेचारच्या वर असेल तेव्हाच वाचन खरं माना. पेंढा किलोला एक लिटरपर्यंत पिळत असाल तर तुमच्या मूळ पाण्यापेक्षा ५०० मायक्रोसिमेन्सने जास्त वाचन म्हणजे किलोमागे सुमारे ०.१४ ग्रॅम पोटॅशियम उरलं. हे उत्तम. वाचन २५०० ने जास्त आलं तरी भट्टी चालेल. चार लिटर धरून ठेवत असाल तर हीच वाचनं चारपट वाईट समजा. मीटर तपासायला ०.०१ मोलर पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण वापरा, २५ अंशांना ते १४१३ दाखवायला हवं.

क्लोरीनसाठी विसळलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका. दुधासारखं गढूळ झालं तर क्लोराइड आहे, नुसतं धुकट दिसलं तर नगण्य. नळाच्या पाण्यातही क्लोराइड असतं, म्हणून शेजारी त्याच पाण्याची दुसरी नळी ठेवून तुलना करा.

सगळ्यात विश्वासाची तपासणी मात्र राखेची. मूठभर वाळवलेला पेंढा क्रुसिबलमध्ये (उष्णता सोसणाऱ्या मुशीत) ५५० अंशांना राख होईपर्यंत जाळा, मग तीच राख तासभर ९०० अंशांना ठेवा. नीट धुतलेल्या भाताच्या पेंढ्याची राख पांढरी, पिसासारखी हलकी राहते. काडीचा आकारसुद्धा तसाच दिसतो आणि तारेने टोचलं की पीठ होऊन कोसळते. पोटॅशियम राहिलेल्या पेंढ्याची राख आक्रसून तळाला चिकटते, करड्या काचेचा मणी होतो, आणि भिंगाखाली त्यात काळे ठिपके दिसतात. वितळलेल्या सिलिकेत कोंडलेला कार्बन तो. तुसाची काळपट राख आणि आम्लाने धुतलेल्या तुसाची पांढरीशुभ्र राख शेजारी ठेवून बघा, फरक विसरणार नाही. मी आता कुठल्याही अहवालाआधी हा रंग बघतो.

'राखेचं प्रमाण कमीच झालं नाही'

भाताच्या पेंढ्यात पंधरा-वीस टक्के राख असते आणि तिच्यातली बहुतेक सिलिका. ती आम्लाने जात नाही हे वर आलंच. त्यामुळे धुऊन राख दोन-चार टक्क्यांनी उतरली तर धुणं फसलं असा अर्थ नाही. जी राख उरली ती वितळणारी आहे की नाही हा प्रश्न आहे. अहवालांची तुलना करताना राख कोणत्या तापमानाला केली ते बघा. जैवइंधनासाठी आयएसओ १८१२२ हे मानक ५५० अंश सांगतं. कोळशाच्या सवयीने कुणी ८१५ अंशांना राख केली तर न धुतलेल्या पेंढ्यातलं पोटॅशियम क्लोराइड उडून जातं आणि तो पेंढा आहे त्यापेक्षा स्वच्छ दिसतो. धुतलेला आणि न धुतलेला यांत मग फरकच दिसत नाही.

कधी आम्ल वापरूच नये

कपाशीच्या पळाट्या, तुरीच्या तुराट्या यांसारख्या लाकडी देठांच्या राखेत सिलिका कमी आणि कॅल्शियम बरंच असतं. कॅल्शियम राखेचं वितळणं रोखतं. अशा मालाला आम्लात घालून आपण राखणदारच काढून टाकतो, आणि पिळणं कच्चं असेल तर त्रास देणारं पोटॅशियम मात्र घरात राहतं. मग 'धुतल्यावर जास्त खडे झाले' अशी तक्रार येते, आणि ती अगदी खरी असते. या मालाला पाण्याची एक धुलाई पुरे, तीही क्लोरीन जास्त असेल तरच.

पेंढ्याच्या बाबतीतही मी आधी नुसत्या पाण्याने धुऊन, पिळून, वरची राखेची तपासणी करायला सांगतो. मणी झाला नाही तर आम्लाचा विषयच संपला. किंचित चिकटली, तर आम्लाऐवजी दोन-तीन टक्के केओलिन माती इंधनात मिसळून बघा. ती पोटॅशियमला ॲल्युमिनोसिलिकेटमध्ये बांधते, आणि ती संयुगं १५०० अंशांच्या वर वितळतात. यात राख वाढते आणि क्लोरीन धुरात जातं, पण आम्ल, धुवण, ड्रायर सगळं वाचतं. भट्टी वाळूच्या तरंगत्या थराची असेल तर वाळू स्वतःच सिलिका आहे. तिथे पेंढ्यातलं उरलंसुरलं पोटॅशियमही वाळूचे गोळे करतं, म्हणून अशा भट्टीला धुण्याची मर्यादा जास्त कडक ठेवा.

आम्ल खरोखर लागतं ते पेंढ्याचं तेल काढणाऱ्यांना, म्हणजे हवेशिवाय झपाट्याने तापवणाऱ्या वेगवान पायरोलिसिसवाल्यांना. तिथे थोडंसं पोटॅशियमही तेल कमी आणि वायू-कोळसा जास्त करतं.

धुतल्यानंतर नव्याने येणारी तक्रार

खडे गेले, पण राखेत काळे न जळलेले तुकडे वाढले. पोटॅशियम कोळसा जाळायला मदत करतं. ते गेलं की कोळसा हळू जळतो. जाळी थोडी हळू करा आणि शेवटच्या टप्प्यातली हवा वाढवा. आता राख वितळायची भीती नाही, म्हणून त्या टप्प्यात तापमान थोडं चढलं तरी चालतं. हे न कळल्यामुळे धुतलेला पेंढा 'जळत नाही' म्हणून परत केल्याचं मी एका ठिकाणी पाहिलंय. पेंढा उत्तम होता, हवेची दारं जुन्याच खुणेवर होती.

धुवणाचं काय

आधी पाणी आणि मग लागलंच तर आम्ल, असा क्रम ठेवायचं आणखी एक कारण इथे आहे. पहिल्या साध्या पाण्याच्या धुवणात पोटॅशियमचा बहुतेक साठा असतो आणि आम्ल नसतं. शेतातून उचललेलं पालाश ते हेच. पातळ करून ते जमिनीला परत देता येतं, फक्त त्यात क्लोराइडही असतं, म्हणून खारवट जमिनीत आणि क्लोराइड न सोसणाऱ्या पिकांना नको. आम्लाचं धुवण वेगळं साठवा आणि चुन्याची निवळी घालून सामू साडेसहा-सातवर आणा. सल्फ्युरिक असेल तर जिप्सम खाली बसेल, तेवढं थांबून वरचं पाणी पहिल्या टाकीत परत घ्या. दोन्ही धुवणं एका खड्ड्यात मिसळली की पालाश वापरता येत नाही. टाक्या बसवतानाच दोन वेगळे नळ काढून ठेवा, नंतर ते काम फार जड जातं.